कातळावरून आलेला फोन

फोन आला तेव्हा माझ्या हातात बाहुली होती. रबरी, नवजात बाळाच्या मापाची. समोर सतरंजीवर तेवीस बायका बसल्या होत्या, सगळ्या नव्यानेच निवडलेल्या आशा. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे मी त्यांना दाखवत होते. बाळ पुसायचं, तोंड साफ करायचं, पाठ चोळायची. प्रत्येकीने येऊन बाहुलीवर करून दाखवायचं आणि करताना मोठ्याने बोलायचं. सकाळपासून त्या खोलीत तेच शब्द घुमत होते.

आमच्या आरोग्य केंद्रातली ती तिसरी तुकडी. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, तालुक्याची प्रशिक्षक म्हणून दोन वर्षं झाली होती. या कामात मी चांगली आहे असं मला वाटायचं, आणि इतरांनाही वाटायचं.

फोन चांगुणा लोहकरेचा होता. ती आधीच्या तुकडीतली, आवळदऱ्याची. आवळदरा म्हणजे पठारावरची चाळीस घरांची वाडी. गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबते, पुढे तासभर चढण. चांगुणा आठवी शिकलेली. वर्गात कमी बोलायची, पण एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा दाखवावं लागायचं नाही.

"सिस्टर, यमुनेला कळा लागल्यात," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पहाटेच लागल्यात, पण घरच्यांनी मला आत्ता सांगितलं."

"दिवस भरलेत का?"

"तीन आठवडे कमी हायेत. पाणी गेलंय. खाली न्यायला झोळी बांधायला लावली, पण ती आता उठायचीबी न्हाय."

"तू कुठून बोलतेयस?"

"कातळावरून. दुसरीकडं रेंज न्हाय."

तो कातळ मला माहीत होता. वाडीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. त्या अख्ख्या पठारावर फोन लागण्याची ती एकच जागा. यमुनेचं घर तिथून दोन शेतं खाली.

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला उठवलं. डॉक्टर जिल्ह्याला बैठकीला गेले होते. केंद्रात मी आणि गवारी सिस्टर, दोघीच. कुणीतरी एकीने गाडीबरोबर जायचं होतं. गवारी सिस्टर माझ्याहून लहान, पण डोंगर चढायला चपळ. आणि गाडी घाटात शिरली की फोन बंद पडणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"तुम्ही फोनवर राहा," ती बॅग भरता भरता म्हणाली. "चांगुणाला तुमची सवय आहे. मी जाते."

मला ते पटलं. गाडी गेली तेव्हा बारा वाजायला आले होते. पायथ्यापर्यंत दीड तास, वर चढायला एक तास. तोवर चांगुणाला एकटीनेच निभवायचं होतं, आणि तिच्याजवळ माझ्या आवाजाशिवाय काही नव्हतं. तो आवाजही घरापर्यंत पोचत नव्हता.

तिनेच तोडगा काढला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला.

"सिस्टर, मी खाली जाते. फोन आत्याबाईंकडं देते. मधी हिरड्याच्या झाडाखाली पारूबाई उभी राहील. तुमी आत्याबाईंना सांगा, त्या पारूबाईला हाळी देतील, पारूबाई मला. माझंबी तसंच वर यील."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, ठकूबाई. साठीच्या पुढची. मी आवळदऱ्याला गेले की तिच्याच घरी चहा व्हायचा. फोन कानाला लावायची तिला सवय नव्हती. ती तो तोंडासमोर धरायची आणि ओरडायची.

"बोला सिस्टरबाई. मी हाये हितं."

"ठकूबाई, फोन कानाला लावा. ओरडू नका, मला ऐकू येतंय."

"आं?"

मार्गशीर्ष होता. आमच्या अंगणात पानही हलत नव्हतं, पण ठकूबाईच्या फोनमधून वारा सारखा घोंगावत होता.

वर्गातल्या बायका एव्हाना माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या. मी त्यांना बसायला सांगितलं नाही. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. शिकवायला इतकी चांगली संधी मिळणार नाही, असंही तेव्हा मनात आलं होतं, हे इथे कबूल करते.

पहिली वीस मिनिटं काहीच नव्हतं. ठकूबाई अधूनमधून सांगायची, "कळा चालल्यात म्हंती." मी विचारायची, "पाणी उकळलंय का? नाळ कापायला नवं पातं आहे का? कपडे उन्हात ठेवलेत का?" ती हाळी द्यायची. हाळी खाली जायची. मग वारा ऐकू यायचा आणि कितीतरी वेळाने उत्तर यायचं, "हाये." एकेका प्रश्नाला दोन-दोन मिनिटं लागत होती.

साडेबाराच्या सुमाराला ठकूबाईचा आवाज बदलला.

"झालं. मोकळी झाली. पोरगी हाये."

खोलीतल्या बायका हसल्या. मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"रडली का?"

हाळी. वारा.

"न्हाय रडली."

"पाठ चोळायला सांगा. पुसून घ्या, तोंड पुसा आणि पाठ चोळा."

ठकूबाईने फोन खाली घेतला. तिची हाळी मला स्पष्ट ऐकू आली, लांब हेल काढलेली. पाऽऽठ चोऽऽळ. मग तीच हाळी आणखी खालून, बारीक, पारूबाईची. त्यानंतर काही नाही.

मी घड्याळाकडे बघत होते. मिनिटभरात बाळाने श्वास घेतला पाहिजे, असं मी सकाळपासून सांगत होते. दोन मिनिटं झाली. एका बाईने रबरी बाहुली उचलून उराशी धरली होती. आपण असं केलंय हे तिच्या ध्यानातही नसावं.

"रडली," ठकूबाई म्हणाली. "रडली म्हंती चांगुणी. हितवर आईकू आलं न्हाय पन रडली."

या वेळी मी बायकांना थांबवलं नाही. त्या टाळ्या वाजवू लागल्या. माझेही डोळे भरून आले. मी सांगितलं, पोरीला छातीशी धरा, उघड्या अंगाला अंग लावून, वरून गोधडी घ्या. वार पडली का विचारलं. पडली होती. आख्खी होती. वाटलं, झालं. आता गवारी सिस्टर पोचेल तेव्हा चहा तयार असेल.

त्यानंतर ठकूबाई म्हणाली, "रगत जातंय म्हंती."

"किती?"

"लई. गोधडी भिजली. दुसरी घातली, तीबी भिजली."

बाळंतपणानंतर रक्त का जातं आणि ते कसं थांबवायचं, हे मी पाठ्यपुस्तकासारखं सांगू शकत होते. गर्भाची पिशवी आवळली जात नाही, सैल पडते. बेंबीखाली हात ठेवून ती गोल गोल चोळायची, नारळासारखी घट्ट लागेपर्यंत. चांगुणाच्या तुकडीलाही मी हे शिकवलं होतं. पण शेवटच्या दिवशी, चार वाजता, समारोपाला पाहुणे यायचे होते तेव्हा, नुसतं तोंडी. बाळाची बाहुली आमच्याकडे होती. आईची नव्हती.

ओटीपोट हा शब्द माझ्या तोंडावर आला होता. तीन जणींच्या तोंडून तो खाली कसा जाईल, म्हातारीला कळेल का, असा विचार करून मी सोपा शब्द घेतला.

"पोट चोळायला सांगा. जोरात. थांबायचं नाही. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

हाळी गेली. मी कान देऊन ऐकत होते, पण वारा वाढला होता आणि टेबलाशी बायका कुजबुजत होत्या. हाळीचा सूर कळला. शब्द कळले नाहीत.

"चोळतायत का?"

"चोळतायत. धोंडाबाई आन चांगुणी, दोघी." धोंडाबाई म्हणजे यमुनेची सासू.

"जोरात?"

हाळी. वारा.

"व्हय, जोरात. तिला बरं वाटतंय म्हंती."

मी श्वास सोडला. "रक्त कमी झालं का?"

या प्रश्नाला उत्तर यायला फार वेळ लागला. मधेच फोनने टुंग असा आवाज केला, बॅटरी संपत आल्याचा. ठकूबाईला तो काय आहे ते कळेना. "कोन बोलतंय मधी?" असं ती विचारत होती.

"ठकूबाई, रक्त कमी झालं का ते विचारा."

"इचारलं. पारू म्हंती, जरा पडून हाये, गुमान."

"गुमान म्हणजे? बोलतेय का ती? डोळे उघडे आहेत का?"

फोन बंद पडला.

मी पुन्हा लावला, मग पुन्हा, असा किती वेळा लावला ते आठवत नाही. प्रत्येक वेळी फोनमधली बाई एकाच सुरात सांगायची की हा क्रमांक सध्या बंद आहे. तेवीस बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी खुर्चीत बसले आणि अजूनही फोनवर बोलत असल्यासारखी एकदा मोठ्याने म्हणाले, "थांबू नका." त्या खोलीत ते ऐकून करायला कुणाकडे काहीच नव्हतं.

केंद्रातला शिपाई म्हणाला, "बसा मॅडम, मी सोडतो." त्याच्या मोटारसायकलवर मी निघाले. पायथ्याशी पोचलो तेव्हा आमची गाडी रिकामी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, गवारी सिस्टर वर जाऊन बराच वेळ झाला. मी चढायला लागले. अर्ध्या वाटेवर असताना वरून माणसं उतरताना दिसली. बांबूला बांधलेली झोळी, दोघे पुढे, दोघे मागे.

आजारी माणूस खाली आणताना त्या डोंगरातले पुरुष धावत उतरतात. खांदा बदलतानाही थांबत नाहीत. हे चालत येत होते. एकाने वाटेतला दगड पायाने बाजूला केला, मागच्यांना लागू नये म्हणून. मी तिथेच खाली बसले.

झोळीमागून गवारी सिस्टर आली. तिने मान हलवली. "मी वाडीत पाय ठेवला तेव्हा संपलं होतं," ती म्हणाली. "केंद्रातून कागद व्हायला हवेत म्हणून आणतोय."

तिच्यामागे चांगुणा होती. पोलक्याच्या आत, उघड्या छातीशी तिने पोरगी बांधली होती, वरून पदर आणि चौघडी. मी शिकवलं होतं तंतोतंत तसं. पोरीचं टाळूवरचं जावळ तेवढं दिसत होतं. चांगुणा माझ्याजवळ उकिडवी बसली.

"पोरगी दूध वढती सिस्टर," ती म्हणाली. "शेजारच्या सोनाबाईनं पाजलं. ऊब हाये तिला, हात लावून बघा."

मी हात लावला. ऊब होती.

"यमुनेचं काय झालं, चांगुणा?"

"तुमी सांगितलं तसंच केलं. थांबलोच न्हाय आमी. धोंडाबाईचे हात दुखले का मी, माझे दुखले का धोंडाबाई. तिला कुशीवर वळवलं आन चोळत बसलो. तेलबी लावलं. ती म्हनली, बरं वाटतंय. मग म्हनली, झोप येतीय."

"कुशीवर?" मी विचारलं. "कुशीवर कशाला वळवलं?"

"पाठ चोळायची म्हनल्यावर वळवाय नको?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. त्या बघण्यात शंका नव्हती. थकवा होता, आणि सांगितलेलं काम केल्याचा एक प्रकारचा भरवसा होता. मला तो अजून दिसतो.

झोळी आमच्या पुढे गेली होती. मी काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. तिच्या छातीवर तीन तासांची पोर होती. मी म्हणाले, "चल, खाली जाऊ."

संध्याकाळी कागद करताना यमुनेला बघावं लागलं. तेवीस वर्षांची, अंगाने बारीक. गवारी सिस्टरने तिला कुशीवर केलं तेव्हा पाठ दिसली. दोन्ही खांद्यांच्या मधे लालबुंद झाली होती. एका ठिकाणी कातडी सोलवटली होती.

"हे कशाचं?" गवारी सिस्टरने विचारलं.

"चोळल्याचं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि यमुनेला पुन्हा उताणं केलं.

पंधरा दिवसांनी मातामृत्यूची चौकशी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "फोनवरून पोट चोळण्याची सूचना दिली होती का?" मी हो म्हणाले. कागदावर कारण आलं, प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, वाहतुकीस विलंब. त्यात खोटं काहीच नव्हतं. सूचना खाली पोचेपर्यंत तिचं काय झालं, हा रकाना त्या अर्जात नव्हता आणि मी तो तयार केला नाही. चांगुणाचं नाव अर्जात चांगल्या अर्थाने आलं. बाळ वाचवल्याबद्दल.

ती काम करत राहिली. वाडीतल्या बायका आता तिला कळा लागायच्या आधीच बोलवायच्या. महिन्याच्या बैठकीला ती यायची, कोपऱ्यात बसायची. यमुनेच्या पोरीचं वजन दर वेळी मला न विचारता सांगायची. पोरीचं नाव साऊ ठेवलं होतं. बापाने दुसरं लग्न केलं, धोंडाबाई अंथरुणाला खिळली, आणि पोरगी हळूहळू चांगुणाच्याच घरी राहायला लागली. "आत्याबाईंना तिच्याबिगर करमत न्हाय," चांगुणा सांगायची. "समद्यांना सांगतात, ही मी कातळावरून वाचवलेली पोर."

दोन वर्षांनी जुन्या आशांची उजळणी घ्यायची होती. या वेळी मी हट्टाने कापडाची आई शिवून घेतली होती. जुन्या चादरीचं धड, आत कापूस, आणि ओटीपोटाच्या जागी चेंडू घातलेली मऊ पिशवी. चोळली की चेंडू हाताला लागायचा. एकेक बाई पुढे येत होती, हात बेंबीखाली ठेवत होती आणि मोठ्याने म्हणत होती, "आईचं ओटीपोट चोळायचं, घट्ट लागेपर्यंत."

चांगुणाची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, हात ठेवला आणि चोळायला लागली. तोंडाने काहीच म्हणाली नाही.

"बोल चांगुणा," मी म्हणाले. "करताना बोलायचं."

तिचा हात फिरत होता. मग मंद झाला आणि थांबला. तिने वर पाहिलं नाही. बराच वेळ ती त्या कापडी पोटाकडे बघत राहिली. मागच्या बायकांना वाटलं, ती विसरली. एकीने हळूच शब्द सांगून पाहिले.

"आईचं ओटीपोट चोळायचं," चांगुणा म्हणाली. "घट्ट लागेपर्यंत." आणि जागेवर जाऊन बसली.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यामागून व्हरांड्यात आली. तिचा डबा तसाच बांधलेला होता.

"सिस्टर, त्या दिवशी तुमी काय म्हनला होता?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. उत्तर मी दोन वर्षं तयार ठेवलं होतं. पोट. मी पोट म्हणाले होते. सोपा शब्द निवडताना झालेला तो विचारसुद्धा मला आठवत होता. पण त्या महिन्यात मी पाठ चोळा हे शब्द किती वेळा उच्चारले असतील, त्याला गणती नव्हती. तो विचार करून झाल्यावर तोंडातून प्रत्यक्षात काय बाहेर पडलं? टेबलाभोवती तेवीस जणी उभ्या होत्या. त्यातल्या एकीलाही मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

"पोट," मी म्हणाले.

चांगुणाने मान हलवली. व्हरांड्याच्या कठड्यावर ती हात टेकून उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"वारा व्हता त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"आन आत्याबाईंना तवाबी कमीच ऐकू यायचं. मला ठावं व्हतं. तरी त्यांच्याच हातात फोन दिला. दुसरं कुनी नव्हतं तिथं."

"तुझी चूक नाही, चांगुणा."

"न्हाय," ती म्हणाली. "एक करा सिस्टर. कधी वाडीला आला तर आत्याबाईंपाशी हे काढू नका. पोर त्यांच्या मांडीवर वाढतीय. त्यांना कळलं तर जेवायच्या न्हाईत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ठकूबाईने बरोबर सांगितलं असेल, चूक माझ्याकडूनच आली असेल, मला स्वतःलाच खात्री नाही, असं म्हणायला फक्त दोन वाक्यं लागली असती. चांगुणा माझ्याकडे बघत होती, माझ्या होकाराची वाट बघत.

"नाही काढणार," मी म्हणाले.

ती डबा सोडून जेवायला बसली.

ठकूबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. मी तीन-चार वेळा आवळदऱ्याला गेले. प्रत्येक वेळी तिने चहा केला, साऊला हाक मारून माझ्या पुढ्यात उभी केली आणि तीच गोष्ट सांगितली, कातळाची, वाऱ्याची, हाळीची. सांगताना ती पुन्हा ओरडून दाखवायची. मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकायची. ती कधी पाठ ओरडायची, कधी पोट.